हात, फेदर दोन

रास्ता पेठेत, पॉवर हाउसच्या अलीकडच्या बोळात
तिकोने फोटो.
पॉवर हाउस हाकेवर, तरी गुरुवारी लाइट जायची ती जातेच.

शालन बोराटे आल्या त्या दिवशी बुधवार होता.
मुंढव्याहून दोन बस बदलून,
पिशवीत वही, वहीत वर्तमानपत्राचा कागद,
कागदात सत्त्याऐंशी सालचा कबड्डीचा संघ :
बारा जण, एक ढाल, कोपऱ्यात कुणाची तरी सायकल.
"हा दिनकर, माझा भाऊ. एवढाच पाहिजे, मोठा करून.
आणि खांद्यावरचा तो हात काढून टाका."
कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात
विचारायचं ते एवढंच : मॅट की ग्लॉसी.

कानापासून सुरुवात केली.
पेन टूलनं टिंबामागून टिंब,
जबडा, मान, मग वर केसांत.
केसांना सरळ धार मानवत नाही,
तिथं थोडं मळकटच ठेवावं लागतं.
सिलेक्शन झालं की कडेनं मुंग्या चालायला लागतात,
तुटक रेघ, गुळाच्या खड्याला वेढा घातल्यासारखी,
आणि एका चुकीच्या क्लिकनं उधळते.
संध्याकाळी हात वेगळा धरला :
चार बोटं, एका बोटात तांब्याची अंगठी,
मधल्या नखावर काळं पडलेलं रक्त.
मशीन तसंच ठेवून घरी गेलो.

सकाळी साडेनऊला लाइट गेली.
इन्व्हर्टर दोनदा कण्हला,
आणि मुंग्या गेल्या.

"सेव्ह केलं नाहीस?" तिकोने म्हणाले,
"मग कालपासून केलंस काय?"

दुसऱ्यांदा त्याच वळणांवरून जाताना
माणूस ओळखीचा झालेला असतो.
आता दर टप्प्याला सेव्ह सिलेक्शन, दर टप्प्याला नाव :
दिनकर. दिनकर केस. हात.
चॅनेल उघडलं तर सगळं स्वच्छ दिसतं,
घेतलं ते पांढरं, सोडलं ते काळं.
फक्त कडेला, फेदर दोन पिक्सेल,
एक करडी धूसर पट्टी,
तिथं मशीनलाही नक्की माहीत नसतं
बोट कुठं संपलं
आणि खांदा कुठं सुरू झाला.

हात काढला.
बनियनचे आडवे पट्टे डाव्या बाजूनं उचलून
उजवीकडं बसवले, शिवण जुळवली.
काम चोख. तिकोन्यांनी चष्मा लावून बघितलं,
काही बोलले नाहीत, म्हणजे चोख.

शनिवारी शालनताई स्क्रीनसमोर बसल्या.
बराच वेळ बघून म्हणाल्या,
"हा असा का उभाय?"

तेव्हा मला दिसलं.
उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली.
हात गेला होता, वजन राहिलं होतं.

"खांदा वर घेऊ का? होतो."
"नको."
मग थांबून, "तो कुठं गेला?"
मी लोड सिलेक्शन केलं, यादीतून 'हात' निवडलं,
आणि मोकळ्या पट्ट्यांवर मुंग्या चालू लागल्या,
चार बोटांच्या, अंगठीच्या उंचवट्यासकट.
आत काही नाही. फक्त कड.

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. स्क्रीनवर ठसा उठला.
"एकाच ताटात जेवायचे," म्हणाल्या,
"मग बांधावरून बोलणं तुटलं. दिनूच्या मातीलाही आला नाही.
बाहेर उभा होता म्हणे, फाटकाशी."

"परत बसवू? पाच मिनिटांचं काम."
"नाही. काढलेलाच राहू दे.
पण पुसू नका. तुमच्याकडं असू दे."

फ्रेम साधी घेतली, काळी, बारा बाय पंधरा.
वीस रुपये कमी करायला लावले. केले.

फाइल डी ड्राइव्हमध्ये आहे, रासकर नावाच्या फोल्डरात.
हाताला जागा फार लागत नाही.

आज पुन्हा गुरुवार.
नऊ वाजून वीस मिनिटं झालीत.
काही बदललेलं नाही तरी मी
एकदा कंट्रोल एस दाबून ठेवतो.